‘करकपात’ म्हणजे कर कमी झाला की पगारातून कापला?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या २०११ च्या कर्जमर्यादेच्या (म्हणजे सरकारला जास्तीत जास्त किती कर्ज काढता येईल त्या मर्यादेच्या) वादावर मराठीत लिहायचंय, तर ‘टॅक्स कट’ला करकपात म्हणावं का, कारण आपल्या पगाराच्या स्लिपवर करकपात म्हणजे कापलेला टॅक्स असतो. आणि ‘डिडक्शन’ला काय म्हणायचं?

प्रश्न नेमका आहे. करकपात या एकाच शब्दाला आपण दोन कामं लावलीयेत. अकाउंट्सवाले म्हणतात ‘या महिन्यात करकपात जास्त झालीये’, तेव्हा हातात कमी पैसे येणार असतात, टीडीएसला उद्गम करकपात म्हणतात ती हीच. आणि पेपरात ‘करकपातीमुळे दिलासा’ असं येतं तेव्हा हातात जास्त उरणार असतात. दोन्ही रूढ आहेत, चूक कुठलंच नाही, पण एका लेखात दोन्ही आले की वाचणारा गोंधळणारच. म्हणून मी दर कमी झाला असेल तर ‘करात कपात’ असं सोडवून लिहितो आणि पगारातून गेला असेल तर सरळ ‘कर कापला’.

डिडक्शनला मात्र कपात नको, वजावट हा छान रुळलेला शब्द आहे. ८०सीची वजावट, प्रमाणित वजावट. उत्पन्नातून आधी रक्कम वजा होते, मग उरलेल्यावर कर बसतो.

सवलत आणखी वेगळी. पुण्यात मिळकतकराचं बघा ना, स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून ४० टक्के सवलत होती, ती मध्येच बंद झाली, बऱ्याच जणांना बिलं वाढून आली, मग २०२३ मध्ये ती परत मिळाली आणि लोक त्या सवलतीसाठीचा पीटी-३ फॉर्म भरायला धावले. आता सवलत काढून घेणं ही करवाढ म्हणायची का? बिल भरणारा हो म्हणणार, कागदावर दर तोच असला तरी. मला स्वतःला बिल भरणाऱ्याचं म्हणणं पटतं.

अमेरिकेत कर्जमर्यादा वाढवायच्या बदल्यात तूट कशी कमी करायची यावर घोडं अडलं, ते बरंचसं इथंच. ओबामा आणि डेमोक्रॅट म्हणत होते की श्रीमंतांच्या आणि तेल कंपन्यांच्या काही वजावटी, सवलती बंद करा, रिपब्लिकन म्हणत होते ही करवाढच आहे, आम्ही मान्य करणार नाही. त्या वेळच्या पाहण्यांमध्ये बहुतेक लोकांना थोडी खर्चकपात आणि श्रीमंतांवर थोडा जास्त कर असं दोन्ही मिळून हवं होतं, आणि खर्चकपात हवी म्हणणाऱ्यांतले पुष्कळ जण म्हाताऱ्यांच्या पेन्शनला, मेडिकेअरला (म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याला) हात लावू नका असंही सांगत होते. शेवटी तडजोड झाली (इथं ‘समझोता’ लिहू नका, तडजोड हाच आपला शब्द) आणि २ ऑगस्टला तिचा कायदा झाला. तेव्हा कर्जमर्यादा होती सुमारे १४.३ लाख कोटी डॉलर. तडजोडीत पहिल्या टप्प्यात दहा वर्षांत सुमारे ९१,७०० कोटी डॉलरची खर्चकपात ठरली, करवाढ काहीच नाही.

या ‘खर्चकपाती’कडेही जरा लक्ष द्या. ती आधीच्या अंदाजाशी तुलना करून मोजलेली होती, म्हणजे खर्च जेवढा वाढणार असं धरलं होतं त्यापेक्षा कमी वाढू द्यायचा. मराठीत नुसतं ‘खर्च कमी केला’ लिहिलं तर तो आहे त्याच्या खाली आला असं वाटतं. ‘खर्चाच्या वाढीला कात्री’ लिहा, अर्थ बरोबर पोचतो.