वाचक विचारतात : आडनाव टाकलं, काहीच आलं नाही

प्रश्न : नमस्कार दादा. आमचे पणजोबा तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून सोलापूरला जुन्या मिलमध्ये कामाला आले असं घरात सगळे सांगतात. रिटायर झाल्यापासून मी वंशावळ जमवायला बसलोय. जुन्या सरकारी कागदांची 'अभिलेख पटल' साईट झाली, पुराभिलेख खात्याची साईट झाली, सगळीकडं आडनाव टाकून बघितलं, काहीच येत नाही. कुठं चुकतंय?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : काका, आडनावानं शोधताय, तिथंच अडतंय. या साईटवर कागद चढवताना आतली नावं सहसा कुणी टाइप करत बसत नाही ओ, फाइलच्या कव्हरवर जे असतं तेच सर्चमध्ये सापडतं, म्हणजे खातं, गाव, साल, विषय. आणि त्या काळच्या गावच्या कागदात आडनाव असेलच असंही नाही. मी स्वतः चार महिने आमचं आडनाव शोधत बसलो होतो, शेवटी आमचे पणजोबा निघाले 'गणू बिन बाळा'. बिन म्हणजे मुलगा, बास, पुढं काही नाही. बाईचं नाव असेल तर 'कोम' येतं, म्हणजे अमक्याची बायको.

तुमच्या केसमध्ये अजून एक भानगड आहे. सोलापूर-तुळजापूर 45 किलोमीटर, एसटीत डुलकी लागायच्या आत येतं, पण तुमचे पणजोबा तेव्हा एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात आले होते. सोलापूर ब्रिटिशांकडं, तुळजापूर निजामाकडं, ते थेट सप्टेंबर 1948 पर्यंत. म्हणून पुण्याच्या पेशवे दफ्तरात वगैरे त्या गावासाठी डोकं घालू नका. निजामाच्या वेळचं दफ्तर हैदराबादला तारनाक्यात तेलंगणाच्या स्टेट अर्काइव्हजमध्ये आहे, उर्दू आणि फारसीत. साल फसली असतं, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं, त्यात 590 मिळवायचे, 1330 फसली दिसलं तर ते 1920-21 समजा. जुनी मिल 1877 ची, म्हणजे पणजोबा त्याच्या आधी मिलसाठी आलेले नाहीत, एवढी एक बाजू तरी पक्की झाली.

स्पेलिंगचं पण बघा. इंग्रजी कागदात सोलापूर नाही, शोलापूर असतं, एसनंतर एच टाकून सर्च मारा. नळदुर्गचं 'नलद्रुग' असं पण सापडतं. आणि अभिलेख पटलवर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले कागद आहेत, इनाम, पेन्शन, फौज, तुरुंग असलं काही प्रकरण सरकारपर्यंत गेलं असेल तर नाव निघतं, साध्या मिल कामगाराचं तिथं निघायचं अवघड.

मग करायचं काय, तर आधी घरातली पत्र्याची पेटी काढा. आजोबा सोलापुरात शिकले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा, त्यात जन्मगाव असतं. गाव नक्की झालं की तिथली 1954 ची खासरा पाहणी, म्हणजे कोणतं शेत कुणाकडं याची नोंद, बघायची, मराठवाड्यात जमिनीच्या जुन्या नोंदीसाठी सगळे तिथूनच सुरुवात करतात. फेरफार, जुने सातबारा यांचं स्कॅनिंग झालंय तिथं ते 'आपले अभिलेख' साईटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून मिळतात, बाकीचं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' दिसलं तर ते कुणाचं नाव नाही बरं का, एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे त्या एका नावामागं सगळे भाऊ आहेत. वारसाचा फेरफार मिळाला की मात्र चांदी, एका पानात मयत माणूस, त्याची बायको, पोरं, लग्न झालेल्या लेकी सगळ्या.

प्रश्न : कुणबी नोंदींच्या वेळी जिल्ह्याच्या साईटवर टाकलेल्या पीडीएफमध्ये आमच्या गावाची पानं सापडली, पण सगळं मोडीत आहे. कुणाला दाखवू?
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, 2023 ला जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि बरीच जुनी रजिस्टरं स्कॅन झाली, वंशावळ शोधणाऱ्यांना तो आयता फायदा झाला. मोडीवाल्याला पाठवताना तुमच्या नावाची ओळ कापून पाठवू नका, अख्खं पान पाठवा आणि रजिस्टरचं पहिलं पान पण, गाव आणि साल तिथं असतं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळं एकट्या ओळीवरनं जाणकार माणूस पण फसतो. जमलं तर तुम्ही स्वतः आधी गावाचं आणि आजेसासऱ्यांचं नाव मोडीत कसं दिसतं ते वहीत पन्नासदा गिरवा. पूर्ण मोडी येत नसली तरी ती दोन नावं पानावर डोळ्यांत भरायला लागतात, माझं तसंच झालं.

प्रश्न : माझ्या भाच्याला लंडनमध्ये 1921 च्या जनगणनेत एका घरातली सगळी नावं ऑनलाइन दिसली. आपल्याकडं तसं आहे का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. तिकडं शंभर वर्षांनी खुलं करतात, जानेवारी 2022 मध्ये ते झालं. आपल्याकडं 1948 च्या जनगणना कायद्यानं घरोघरची माहिती गोपनीय आहे, मिळतात ते फक्त आकडे. त्यापेक्षा पंढरपूर, त्र्यंबक इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा, यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं त्यात असतात, अशा काही वह्यांचं स्कॅनिंग फॅमिलीसर्च या फुकट साईटवर पण आहे. प्रत्यक्ष गेलात तर मूळ गावाचं नाव पाठ करून जा, गुरुजी वही उघडायच्या आधी तेच विचारतात.