शेवट कुणी कापला?

“मॅडम, हिला मोबाइल द्यायचाच नाही का?” शाळेत समुपदेशन करताना पालकांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. मोबाइलवर दिसेल ते मूल खरे मानते आणि घाबरते, ही त्यामागची काळजी असते. या प्रश्नाचे माझे उत्तर सातवीतल्या एका मुलीमुळे पक्के झाले. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या मुलीने शिकवणीला एकटीने जाणे बंद केले होते. दोन मोटारसायकलस्वार गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात, अशी चित्रफीत तिने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाहिली होती. ‘आपल्याकडे असे काही होत नाही’ असे आईने पुष्कळदा समजावले, पहिल्या दोन भेटींत मीही धीरच दिला. भीती मात्र तसूभरही हलली नाही. तिसऱ्या भेटीत मी समजावणे थांबवले आणि विचारू लागले.

“ही चित्रफीत तुला कुणी पाठवली?”

“आईने. आईला मावशीने.”

“आणि मावशीला?”

ती गप्प झाली. मग मी तिला मूळ चित्रफीत पूर्ण दाखवली. ती कराचीतल्या एका बालसुरक्षा मोहिमेसाठी मुद्दाम अभिनय करून तयार केलेली आहे. शेवटी ते स्वार मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. मुलीने ती दोनदा पाहिली, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग ताठ बसून म्हणाली, “मॅडम, मग शेवट कुणी कापला?”

इतक्या वर्षांत ऐकलेल्या प्रश्नांपैकी हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. भावना घटनेतून नव्हे, तर घटनेविषयीच्या आपल्या समजुतीतून उपजते, यावर माझा विश्वास आहे. त्या दिवशी मुलीने स्वतःची समजूत स्वतःच तपासायला घेतली. पुढच्या आठवड्यात ती मैत्रिणीबरोबर शिकवणीला गेली आणि महिनाभरात एकटी जाऊ लागली.

हीच कापलेली चित्रफीत 2018 मध्ये देशभर फिरत होती. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवांच्या त्याच लाटेत 1 जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मारणारे प्रौढ होते, हे मी प्रत्येक पालकसभेत आवर्जून सांगते. म्हणूनच मोबाइल काढून घेणे हे माझे उत्तर नाही. या मुलीपर्यंतही भीती आईच्या फोनमधूनच पोहोचली होती.

आलेला संदेश तपासायला मुलांना शिकवणे, हे माझे उत्तर आहे. पण शाळेत त्यासाठी वेगळा विषय आणि वेगळी परीक्षा नको, असे माझे ठाम मत आहे. केरळमधील कन्नूर जिल्ह्यात 2018 मध्येच सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले गेले. आपल्याकडे दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमांवर पाठ आहे, मराठीत बातमीलेखन आणि जाहिरातलेखन आहे. पण बातमी लिहायला शिकणाऱ्या मुलाला ती तपासायलाही शिकवले पाहिजे, आणि त्यासाठी दहावीपर्यंत थांबणे फार उशिराचे आहे. पाचवीपासून मराठीच्या तासाला महिन्यातून एकदा एखादा फिरता संदेश फळ्यावर लिहावा आणि तो कुणी, केव्हा, कशासाठी पाठवला असेल आणि त्यातून काय वगळले असेल, हे मुलांनाच शोधू द्यावे.

आमच्या शाळेत असा तास सुरू झाला आहे. पहिल्या तासाचा संदेश त्या मुलीच्या आईने स्वतःच्या फोनमधून काढून दिला.