सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्कवर डेटाच्या प्रती ठेवणारी स्टोरेज प्रणाली) क्लस्टरमध्ये डिस्क गेली की रिकव्हरीमुळे, म्हणजे गेलेल्या प्रती पुन्हा बनवण्याच्या कामामुळे, क्लायंट (डेटा वाचणारे-लिहिणारे प्रोग्राम) रखडतात. रिकव्हरीचा वेग किती ठेवावा?

तीनपैकी दोन प्रती शाबूत असतील तर रिकव्हरी खुशाल हळू चालू द्या, क्लायंटला आधी वाट द्या. क्विन्सी आवृत्तीपासून (2022) एमक्लॉक शेड्युलर (क्लायंट आणि रिकव्हरी यांच्यात डिस्कची क्षमता वाटून देणारा भाग) मुळातच चालू असतो. त्यात ‘हाय क्लायंट ऑप्स’ प्रोफाइल लावा, आणि लोड उतरला की ‘हाय रिकव्हरी ऑप्स’. नुसता मॅक्स बॅकफिल्सचा (एका वेळी किती प्रत-भरणीची कामं चालावीत त्याचा) आकडा बदलून इथे काही होत नाही, आधी ओव्हरराइडची (एमक्लॉकने ठरवलेले रिकव्हरीचे आकडे बदलू देणारी) सेटिंग चालू करावी लागते. बरेच जण इथेच अडकतात. पण एकच प्रत उरली असेल तर हे सगळं बाजूला ठेवून पूर्ण वेग द्या. मिन साइज (वाचन-लेखन चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) 2 असेल तर त्या पीजीचं (प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे एकत्र ठेवलेल्या डेटाचा गट) वाचन-लेखन तसंही थांबलेलंच असतं, आणि ती शेवटची डिस्कही गेली तर डेटा कायमचा गेला.