डिप्रेशनची ‘सेरोटोनिन कमी पडलं’ ही गोष्ट खोटी ठरली, मग गोळी बंद करायची का?

तुम्ही विचारलंय की वहिनी दीड वर्षापासून डिप्रेशनची गोळी घेतात. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडल्याने डिप्रेशन येतं, ही गोष्ट शास्त्रज्ञांनीच खोडून काढली असा व्हिडिओ पाहून त्यांनी दोन दिवसांपासून गोळी बंद केली आहे. व्हिडिओ खरा आहे का आणि घरच्यांनी काय करावं?

आधी दुसरं सांगतो. त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा, उद्यावर टाकू नका. मी डॉक्टर नाही. नागपुरात राहतो, आणि आमच्या घरात हेच घडून गेलंय म्हणून लिहितोय.

बाबा गेल्यावर आईने घराबाहेर पडणंच सोडलं. मानसोपचार म्हटलं की आमच्या नातेवाइकांच्या तोंडी पहिला शब्द ‘पागलखाना चौक’, म्हणजे इथल्या मनोरुग्णालयाजवळचा चौक. त्यामुळे तिला तयार करण्यातच चार महिने गेले. डॉक्टर तिला म्हणाले, “काकू, शुगरमध्ये इन्सुलिन कमी पडतं ना, तसं तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय.” आईला तिथेच रडू आलं. तोवर सगळे तिला ‘मन घट्ट कर’ एवढंच सांगत होते. हा आजार आहे, तिचा दोष नाही, हे त्या एका वाक्यातून तिला पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

मग 2023 च्या मे महिन्यात तिच्या मोबाइलवर असाच एक व्हिडिओ आला. तिने कुणाला न सांगता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, रात्री भलतीसलती स्वप्नं. बाहेर ऊन असं की आम्हाला वाटलं, ऊनच लागलं. पन्हं दिलं, कूलरसमोर झोपवलं, पदराला कांदा बांधून दिला. संध्याकाळी ती म्हणाली, “मान वळवली का डोक्यात करंट मारून राहिला रे.” उन्हाने असं होत नाही, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. देव्हाऱ्यामागे एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलीग्रॅमची न फोडलेली पट्टी सापडली. विचारलं तर म्हणाली, “माझ्या बिमारीचं कारणच खोटं निघालं, मंग गोळी कायले खाऊ?”

तिचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. डिवचल्यासारखं उत्तर देऊन तो मिटत नाही, म्हणून मी वाचायला बसलो.

व्हिडिओचा आधार खरा आहे. जुलै 2022 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी ‘मॉलिक्युलर सायकियाट्री’ या नियतकालिकात आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. डिप्रेशन सेरोटोनिन कमी झाल्याने येतं याला सातत्याने टिकणारा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर वादही झाला. पण ही गोष्ट फार सोपी करून सांगितली जाते, हे बऱ्याच संशोधकांना आधीपासून ठाऊक होतं. गोळी सेरोटोनिनवर काही तासांत परिणाम करते, मनाला मात्र उतार पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. नुसती भरपाई करायची असती तर एवढा वेळ कशाला लागला असता?

पण कारण चुकीचं ठरलं म्हणून उपाय चुकीचा ठरत नाही. प्लास्टर कमी पडलं म्हणून हाड मोडत नाही, तरी प्लास्टरने ते जुळतं. ‘लॅन्सेट’मध्ये 2018 साली 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्णांचा हिशेब छापून आला. त्यात तपासलेली डिप्रेशनची सगळी 21 औषधं, आत औषधच नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मोठा नव्हता, हेही तितकंच खरं.

मग त्या आठवड्यांमध्ये होतं काय? मला सगळ्यात पटलेला प्रयोग 2011 साली ‘सायन्स’मध्ये आलेला, उंदरांवरचा. एक आवाज झाला की शॉक बसतो, हे उंदरांना शिकवलं. ते आवाजालाच भिऊन गोठू लागले. पुढे तोच आवाज शॉक न देता पुन्हा पुन्हा ऐकवला. भीती गेल्यासारखी वाटली, पण परत आली. फ्लुऑक्सेटिन या डिप्रेशनच्या नुसत्या औषधानेही ती गेली नाही. औषध आणि सराव दोन्ही एकत्र दिलं तेव्हा मात्र भीती गेली. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या याच संशोधकांच्या गटाने 2021 मध्ये दाखवलं की ही औषधं मेंदूतल्या जोडण्या वाढवणाऱ्या एका रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या रेणूला, थेट चिकटतात. म्हणजे गोळी बहुधा मेंदूची माती भुसभुशीत करते. त्यात काय पेरायचं, ते रोजच्या जगण्यातून ठरतं.

हे वाचल्यावर आम्ही आईच्या बाहेर पडण्याकडे औषधाइतकंच लक्ष दिलं. शेजारच्या काकू तिला आधी गल्लीच्या टोकापर्यंत न्यायच्या, मग भाजी घ्यायला. दिवाळीआधी ती त्यांच्यासोबत बर्डीच्या बाजारात जाऊन पणत्या घेऊन आली. गर्दीत छातीत धडधड झाली, तरी अर्धवट परतली नाही.

आता गोळी सोडण्याबद्दल. मॉनक्रिफ यांच्या त्याच आढाव्यातले एक सहलेखक मार्क होरोविट्झ आहेत. डेव्हिड टेलर यांच्यासोबत 2019 मध्ये त्यांनीच लिहिलं होतं की ही औषधं आठवड्यांत नाही, महिन्यांमध्ये हळूहळू उतरवावीत. कारण डोस आणि मेंदूवरचा परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत. 20 वरून 10 वर येणं त्यामानाने सोपं जातं, शेवटच्या छोट्या तुकड्यावरून शून्यावर येणं सगळ्यात जड जातं. व्हिडिओवाल्याने हे सांगितलं नाही, याचा मला मनापासून राग आहे.

वहिनींना रागावू नका. “तुला काय कळतं” तर अजिबात म्हणू नका. त्यांनी पाहिलेलं अर्धं खरं आहे, हे आधी मान्य करा. डॉक्टरांना शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली, किती मिलीग्रॅमची होती आणि आता काय होतंय, हे नेमकं सांगा. गोळी सोडायचीच असेल तर तेही त्यांच्यासमोर बोला, डोस उतरवायचं वेळापत्रक लिहून घ्या. डॉक्टर भेटले नाहीत तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं त्या बोलल्या तर फोनवर थांबू नका, थेट दवाखान्यात घेऊन जा.

आईची गोळी पुन्हा सुरू झाली आणि चार-पाच दिवसांत करंट थांबला. पुढच्या वर्षी तिने स्वतःच डॉक्टरांना विचारून ती उतरवायला घेतली. आठ महिने लागले. किती तुकडा घेतला ते ती रोज कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली लिहायची.