भाजीवाला कॅरीबॅग देतोच, मग थैली न्यायची कशाला?

प्रश्न: ताई, आम्ही लातूरचे, गंजगोलाईत बाजार करतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी येऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवाले पन्नी द्यायलेतच. घरातले सगळे ऑफिसातून परस्पर बाजारात जातात, थैली राहते घरी. एका दुकानात कापडासारखी पिशवी मिळते ती तरी चालते का? अन् ही सवय बदलावी कशी?
– एक वाचक, लातूर

उत्तर: आधी त्या पिशवीचं सांगते. दिसते कापडासारखी, पण ती नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेली, पॉलीप्रॉपिलीनची, प्लास्टिकच. एक कोपरा कापून काडी लावून बघा, सुती कापडाची राख होते, ही वितळून थेंब धरते. केंद्राच्या नियमात 60 जीएसएमच्या (एका चौरस मीटरला 60 ग्रॅम वजनाच्या) खालची चालतच नाही, त्यामुळं आरपार दिसणारी पातळ असली तर घेऊच नका.

आता भाजीवाल्यांचं. आपल्या राज्यात बंदीचा आदेश 23 मार्च 2018 चा, जूनपासून कारवाई सुरू झाली, पहिल्यांदा सापडलं की दंड 5 हजार, मग 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार अन् 3 महिने कैद. मेथीच्या जुड्या घेऊन खाली बसलेल्या बाईनं एवढे पैसे आणायचे कुठून? तरी ती पन्नी ठेवते कारण नाही म्हणलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर जातं, अन् हे मला लई लागतं बघा, बंदी घेणाऱ्यालाही आहे पण धाक सगळा तिच्याच डोक्यावर. आठवण राहत नाही हेही मला पटत नाही. मोठ्या दुकानात पिशवीचे पैसे पडतात म्हणल्यावर तीच माणसं घरून थैली घेऊन जातातच की.

तर थैली घरात ठेवूच नका. गाडीच्या डिक्कीत एक, पर्समध्ये एक, जुन्या सुती साडीची शिवली तर घडी मुठीत मावते. थैली हरवते ती बाजारात नाही, घरी आल्यावर, भाजी काढली की ती ओट्यावरच पडून राहते, म्हणून रिकामी झाली की तशीच उचलून डिक्कीत टाकायची, हे ज्याचं त्यानं करायचं. अन् भाव विचारायच्या आधी थैली उघडून धरा, भाजीवाल्याचा हात पन्नीकडं जायच्या आत. मिरची, लिंबं सुटी राहू नयेत म्हणून आत दोन छोट्या थैल्या असू द्या. मटण, दही आणायला झाकणाचा डबा न्या, फक्त रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून त्याचं वजन वजा करून घ्यायला सांगा.