गाडी रिझर्व्हला लागल्यावर नक्की किती किलोमीटर जाते?

तुम्ही विचारलंय की घरी जुनी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर आहे, भावाकडे बीएस-६ स्प्लेंडर प्लस आहे, गाव घाटंजी तालुक्यात आणि पंप २४ किलोमीटरवर. रिझर्व्ह लागली किंवा काटा लाल पट्टीत गेला, तर पंप गाठेल का?

जुन्या गाडीचं आधी सांगतो. गाडी ठीक असेल तर रिझर्व्ह लागल्यापासून ३० किलोमीटर धरून चाला, त्यापुढचं धरू नका. हा आकडा असा येतो. या वर्गातल्या गाड्यांची रिझर्व्ह साधारण लिटरभराची. त्यातलं शेवटचं शंभर-दोनशे मिली टाकीच्या तळाशी अडकतं, ते हिशोबातून सोडून द्या. उरलं ०.८ लिटर. आता याला डांबरी सडकेवरच्या ६० च्या ॲव्हरेजने गुणू नका. डबलसीट, मागे पोतं आणि खराब रस्ता असताना जे ॲव्हरेज मिळतं त्याने गुणा. ते ४२ असेल तर ३३ किलोमीटर होतात, हिशोबात ३० च धरा.

पण किती जाते यापेक्षा रिझर्व्ह कुठे लागली ते जास्त महत्त्वाचं. समजा तुम्ही तालुक्याहून गावाकडे निघालात आणि पंपापासून १० किलोमीटरवर रिझर्व्ह लागली. घर अजून १४ किलोमीटर. घरी पोचाल, पण सकाळी पंपासाठी पुन्हा २४ लागतील. एकूण ३८ झाले आणि तुमच्याकडे ३० आहेत. म्हणजे तिथूनच गाडी वळवायची. पंपापासून १८ किलोमीटर ओलांडल्यावर रिझर्व्ह लागली, तरच घरी जाऊन दुसऱ्या दिवशी परत येण्याइतकं पेट्रोल उरतं, तेही मध्ये शेतात चक्कर मारली नाही तर. तुमच्या रस्त्यावर हे १८ किलोमीटर कोणत्या फाट्यावर पुरे होतात ते एकदा बघून ठेवा आणि घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना सांगा.

रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नाही. टाकीखालच्या कॉकला आत दोन तोंडं असतात. एक उंच नळीचं, दुसरं तळाशी. कॉक ऑनवर असताना पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्याखाली गेली की गाडी झटके मारते. मग कॉक रिझर्व्हवर फिरवला की तळाचं तोंड उघडतं. झटका बसला की डाव्या हाताने लगेच फिरवा, कारण कार्बोरेटरच्या वाटीत तेव्हा घोटभरच पेट्रोल असतं. गाडी बंद पडलीच तर दहा-पंधरा सेकंद थांबा, वाटी भरू द्या, मग किक मारा. सेल्फ मारत राहिलात तर बॅटरीच बसेल.

लोक अडकतात ते बहुतेक एकाच चुकीने. पेट्रोल भरल्यावर कॉक परत ऑनवर करायचा राहून जातो. पुढच्या वेळी झटकाच येत नाही, टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी चालते आणि मग शिल्लक काहीच नसतं. पंपावर टाकीचं झाकण लावलं की तोच हात खाली कॉककडे गेला पाहिजे, इतकी सवय करा.

भावाच्या गाडीला कॉक नाही. तिथे टाकीतला पंप इंजेक्टरला पेट्रोल देतो, त्यामुळे झटक्याची सूचना नाही, फक्त काटा. काट्याचा फ्लोट टाकीत तरंगतो आणि टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने अर्ध्यापर्यंत काटा सावकाश आणि नंतर भरभर उतरतो. गाडी साइड स्टँडवर तिरपी असताना बघितलेला काटा खोटा. सपाट जागी, गाडी सरळ धरून बघा. काटा लाल पट्टीत टेकला त्या दिवशी थेट पंपावर जा आणि मेन स्टँडवर टाकी फुल करा. या गाडीची टाकी ९.८ लिटरची आहे. ८.५ लिटर बसलं तर आत १.३ होतं. त्यातलं ०.३ सोडा, एक लिटर हिशोबात धरा. असं दोन-तीनदा करून जो सगळ्यात कमी आकडा येईल तोच खरा माना.

जुन्या गाडीची रिझर्व्ह मोजायची तर झटका बसेपर्यंत ऑनवर चालवा. इंजिन थंड झाल्यावर उघड्यावर, बिडी-चुलीपासून लांब, कॉक बंद करून कार्बोरेटरकडची नळी काढा, ती मापाच्या पत्र्याच्या डब्यात सोडा आणि कॉक रिझर्व्हवर करा. जेवढं डब्यात उतरलं तेवढी तुमची रिझर्व्ह. तळाला अडकणारं आपोआपच मागे राहिलं, त्यामुळे यातून वरचे दोनशे मिली पुन्हा वजा करायचे नाहीत.

ॲव्हरेजही टाकी फुल करूनच काढा. ४१२ किलोमीटर चालून पुन्हा ६.९ लिटर बसलं तर ५९.७. दोन्ही वेळा पंप तोच आणि वेळ सकाळची ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात हे फार लागतं. पेट्रोल तापलं की फुगतं, १० लिटर १५ अंशांनी तापलं तर दीडशे मिलीच्या आसपास वाढतं. म्हणून काठोकाठ भरूही नका, उन्हात उभ्या गाडीच्या झाकणातून ते बाहेर येतं. किलोमीटर मोजणाऱ्या मीटरची वायर तुटली असेल तर आधी ती बदला, तिच्याशिवाय हा सगळा हिशोब अंदाजपंचे आहे.

काडी घालून पेट्रोल बघायची सवय मात्र सोडा. टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसते, मधे आतून उंचवटा असतो. झाकणाच्या खाली बऱ्याचदा तोच येतो. काडी त्याला टेकते आणि कोरडी निघते, तरी दोन्ही बाजूंच्या खोलगटात पेट्रोल असतं. याच खोगिराचा अडचणीत उपयोगही होतो. रिझर्व्हही संपून गाडी बंद पडली, तर झाकण घट्ट आहे ना बघा आणि गाडी कॉकच्या बाजूला, स्प्लेंडरला डावीकडे, चांगली आडवी करून दहा सेकंद धरा. उजवीकडचं पेट्रोल डावीकडे येतं. किलोमीटर-दोन किलोमीटर मिळू शकतात, पण एकदाच.

झटके मारले म्हणजे पेट्रोलच संपलं, असंही नाही. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं. धुळीने ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि भरल्या टाकीवर गाडी बंद पडते. झाकण उघडून बघा. फुस्स आवाज आला आणि गाडी सुरू झाली तर दोष छिद्राचा, ते बारीक तारेने साफ करा. आणि चिखलदऱ्यासारख्या उतारावर रिझर्व्हवरची गाडी अचानक फडफडली तर घाबरू नका. पेट्रोल टाकीच्या पुढच्या टोकाला गेलेलं असतं आणि कॉक मागे असतो. सपाटीला आली की पुन्हा सुरळीत चालते. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन मात्र बंद करू नका, सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो आणि तापून तो धरेनासा होतो. भावाची इंजेक्शनची गाडी तर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की उतरताना पेट्रोल जवळजवळ घेतच नाही.

तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त अंतर काढायचं तर चौथ्या गिअरमध्ये ४०-४५ ठेवा. ७० ला गेलात की हवेचा रोध अडीचपट होतो. चोक बंद आहे ना, मागचा ब्रेक घासत नाही ना, टायरमध्ये हवा आहे ना, एवढं बघा. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती मडगार्डमध्ये भरली की गाडी दुसऱ्या गिअरशिवाय ओढत नाही, तिथे ॲव्हरेज निम्म्यावर धरा. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज थोडं उतरतं. नीती आयोगाच्या अहवालात दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. म्हणून चार वर्षांपूर्वी काढलेला आकडा आता वापरू नका.

हे इथेनॉल पाणीही ओढतं. पाणी जड, ते तळाला बसतं, आणि रिझर्व्हचं तोंड तळालाच. महिनोन्‌महिने रिझर्व्ह वापरली नाही तर गंज आणि पाणी नेमकं अडचणीच्या दिवशी कार्बोरेटरमध्ये येतं. महिन्यातून एकदा पंपाजवळ असताना दोन-तीन किलोमीटर रिझर्व्हवर चालवा आणि पावसाळ्याआधी कॉकखालची वाटी उघडून जाळी धुऊन घ्या.

भावाला सांगा, टाकी कोरडी होऊ द्यायचीच नाही. आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, हवा ओढत फिरला की खराब होतो. तरी संपलंच तर निदान एक लिटर टाका, चावी ऑन करा, पंपाचा गुंई आवाज थांबू द्या, चावी बंद करा. असं तीन-चार वेळा केलं की लाइनमध्ये दाब येतो, मगच सेल्फ मारा.