सुट्टी कुणाच्या मापाची?

"मॅडम, सगळे सुट्टीवरून ताजेतवाने होऊन येतात. मी आले की आजारी पडते. माझ्याच्यानं हे कधी होणारच नाही का?"

ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्नता असलेल्या, प्रौढांबरोबर काम करताना ही तक्रार मी वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकते. ही माणसं जबाबदारीच्या नोकऱ्या सांभाळतात, घर चालवतात. पण सहलीची तारीख ठरली की त्यांची झोप उडते. घरचे म्हणतात, "रोज ऑफिसला जातेस, मग चार दिवस मजा करायला काय होतं?" आणि त्याहून वाईट म्हणजे हाच प्रश्न ती स्वतःलाही रोज विचारत असतात. आज त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्यांसाठीही. ज्या बाईंची गोष्ट सांगते आहे त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीच्या आसपास, काम तांत्रिक लेखनाचं. ऑटिझमचं निदान तिशी उलटल्यावर झालेलं. आदल्या वर्षी त्या नवरा आणि नणंदेच्या कुटुंबाबरोबर समुद्रकिनारी गेल्या होत्या. रोज नवं ठिकाण, रोज नवी खोली. तिसऱ्या संध्याकाळी गर्दीच्या हॉटेलात जेवताना त्यांचं बोलणंच थांबलं. त्या उठून खोलीत गेल्या आणि दिवे बंद करून बाथरूममध्ये बसून राहिल्या. नवऱ्याला वाटलं रुसली, नणंदेला वाटलं आपला अपमान केला. त्यानंतर कुठेच जाणं झालं नव्हतं, आणि आता पुन्हा सगळ्यांची तिकिटं निघाली होती.

"मला गर्दीची सवय लावून द्या," त्या म्हणाल्या. "थोडी थोडी करत वाढवू. मी वाचलंय, भीती अशीच जाते."

"गर्दीत नेमकं काय होतं?"

"आवाज दुखतो."

"भीती वाटते?"

"नाही. दुखतो. मी दुखतो म्हणते आणि सगळे भीती लिहून घेतात."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत सांगते की घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्टी विचार आपल्याला जास्त छळतो. माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण कानाला होणारी वेदना हा विचार नव्हे. तो तपासून, खोडून काढता येत नाही. भीती सामोरं गेल्यावर ओसरते. संवेदनांचा भार मात्र सामोरं जात राहिलं की साचत जातो. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिस्टिक मुलांचं जे वर्णन केलं त्यात मोठ्या आवाजांचा त्रास आणि ठरलेलं बदललं की होणारी तगमग, दोन्हींची नोंद होती. तरी आवाज, उजेड, स्पर्श, वास यांना मिळणारा तीव्र किंवा अगदी कमी प्रतिसाद हा ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत यायला अमेरिकन मनोविकार संघटनेची 2013 ची नियमावली उजाडावी लागली. त्याआधी मोठ्या झालेल्या कितीतरी माणसांना 'नाटकं करतेस' एवढंच ऐकायला मिळालं आहे.

म्हणून मी त्यांना सांगितलं, "सवय लावायची नाही. आपण दोन ढीग करू. जे शरीराला होतं त्याची व्यवस्था लावायची. जे मनात चालतं त्याचा विचार करायचा."

पहिल्या ढिगाचं काम त्यांनी अशा शिस्तीनं केलं की मलाच शिकायला मिळालं. त्यातलं बरंच कुणालाही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी मुक्काम. नव्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल पूर्ण झोपत नाही, तो पहारा देत राहतो, असं 2016 च्या एका संशोधनात दिसलं. आणि ते कुणाच्याही बाबतीत. मग ज्याची झोप आधीच नाजूक आहे त्यानं रोज खोली बदलणं म्हणजे रोज पहिली रात्र काढणं. एकच मुक्काम धरावा आणि तिथून फिरावं. खोली लिफ्टपासून, जिन्यापासून, रस्त्यापासून दूर हवी, खिडकीला जाड पडदा हवा, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावं. फोनवर बोलणं जड जात असेल तर ईमेल पुरतो, आणि उत्तरही हाताशी राहतं. उशीचा अभ्रा घरचा न्यावा, साबणही घरचाच. वासाची ओळख फार काम करते.

दुसरं, अनिश्चितता आधीच खर्चून टाकायची. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर स्टेशन ते मुक्काम हा रस्ता 'चालून' बघता येतो. जागेचे व्हिडिओ आवाज सुरू ठेवून बघावेत, म्हणजे तिथला गलका किती ते कळतं. आणि वेळापत्रकाइतकंच महत्त्वाचं 'बिघडलं तर' हे पान. गाडी चुकली तर काय, खोली तयार नसली तर कुठे बसायचं, सामान आलं नाही तर कुणाशी बोलायचं. आपल्या मनात हे असतं, पण डोकं गच्च भरल्यावर आठवत नाही. लिहिलेलं वाचता येतं.

विमानतळाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बरीच माणसं तिथेच अर्धी संपतात. विमान कंपन्यांकडे विकासात्मक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रवाशांच्या मदतीसाठी डीपीएनए नावाचा संकेत असतो. तिकीट काढतानाच तो नोंदवायला सांगावा आणि काय मदत हवी ते एका ओळीत लिहावं: आधी आत सोडा, सूचना एकेक द्या, अंगाला हात लावण्यापूर्वी सांगा. युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमानुसार अशी मदत विनामूल्य असते आणि ती किमान 48 तास आधी कळवायची असते. इतरत्रही तेवढा वेळ हाताशी ठेवलेला बरा. हिरव्या पट्टीवर सूर्यफुलं असलेली एक खूणही आहे. लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 मध्ये ती सुरू झाली आणि आता अनेक देशांतल्या विमानतळांवर ओळखली जाते. ती गळ्यात असली की रांग टळेलच असं नाही, पण या माणसाला वेळ लागू शकतो हे न सांगता कळतं. घालायची की नाही ते तुमच्या मर्जीवर. सुरक्षा तपासणीत हेडफोन काढून ट्रेमध्ये ठेवावे लागतात, हे आधीच माहीत असलं की त्या क्षणी दचकायला होत नाही.

हेडफोनवरून आठवलं. आवाज गाळणारे हेडफोन इंजिनाची एकसुरी घरघर छान दाबतात, पण अचानक रडलेलं मूल किंवा घोषणा तितकी दाबत नाहीत. त्यासाठी कानातले फोमचे बोळे जास्त कामाचे. दोन्ही सोबत असावेत.

औषधं नेहमी हातातल्या सामानात, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह. परदेशी जाताना हे विशेष बघावं, कारण नियम फार वेगळे असतात. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकवणं जड जाण्याच्या अवस्थेसाठी, काही देशांत सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्फेटामाइन असलेली औषधं जपानमध्ये नेताच येत नाहीत. झोपेसाठी घेतलं जाणारं मेलाटोनिन काही देशांत दुकानात सहज मिळतं, ब्रिटनमध्ये मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तारीख ठरतानाच त्या देशाच्या दूतावासाची माहिती बघावी.

आणखी एक, जे सोबतच्यांना पटकन पटत नाही. बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींना तहान, भूक, लघवीची गरज वेळेवर जाणवत नाही. प्रवासात तर नाहीच. चिडचिड झाल्यावर कळतं की सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. घड्याळाला गजर लावावा. ओळखीचं, पोटाला चालणारं खाणं सोबत ठेवावं, आणि तेच ते खाल्लं म्हणून कुणी काही बोलू नये.

हे सगळं जमलं. यादी तयार झाली, पण त्या तशाच ताणलेल्या. मला ते खटकत होतं. म्हणून मी नवऱ्यालाही बोलावलं. भला माणूस. खरोखर काळजी करणारा.

तो म्हणाला, "मागच्या वेळी मी तिच्याकडे सतत लक्ष ठेवून होतो, मॅडम. दर थोड्या वेळानं विचारायचो, मजा येतेय ना गं?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "तू विचारलंस की मला चेहरा करावा लागायचा."

"कसला चेहरा?"

"मजा येतेय असा. तो धरून ठेवायला सगळ्यात जास्त ताकद लागते. आवाजापेक्षा जास्त."

तो गप्प झाला. मी मध्ये बोलले नाही. काही वेळानं त्याच पुढे म्हणाल्या, "मला समुद्र आवडला होता. खूप. पण तुला सांगता आलं नाही, कारण तेव्हा मी चेहरा धरून बसले होते."

त्याचे डोळे भरून आले. "मला वाटलं तुला काहीच आवडलं नाही. म्हणून तर मी परत परत विचारत होतो."

अशा क्षणासाठीच मी हे काम करते. गर्दीपेक्षा मोठा भार कुठे होता ते एका वाक्यात उघडं पडलं. तो भार होता आनंद दाखवण्याचा. पुढे प्रत्येक ऑटिस्टिक व्यक्तीला मी सहलीबद्दल हा प्रश्न विचारू लागले: तिथे तुम्हाला कुणाला काय दाखवावं लागतं? उत्तरं ऐकली की कळतं, अर्धा थकवा तिथलाच असतो.

आता दुसऱ्या ढिगाला हात घालता आला. त्यांच्या मनातला हट्ट असा होता: मला मजा आलीच पाहिजे, इतरांना येते तशीच आली पाहिजे आणि ती दिसलीही पाहिजे, नाहीतर मी सगळ्यांची सुट्टी बिघडवणारी बाई. नवऱ्याच्या मनातला हट्ट त्याचाच जोडीदार: माझ्यासोबत आलेली व्यक्ती खूश दिसलीच पाहिजे, नाहीतर मी कमी पडलो. एकाच्या हट्टाला दुसऱ्याचा हट्ट खतपाणी घालत होता. मी दोघांना विचारलं, "मजा आली नाही तर नेमकं काय बिघडेल?" बराच वेळ शोधूनही त्यांना मोठं असं काही सापडलं नाही. मजा आली तर उत्तम, नाही आली तर एक साधा दिवस गेला. हे मनापासून पटायला काही भेटी लागल्या, पण पटलं.

मग मी विचारलं, "तुम्हाला एकटीलाच जायचं असतं तर काय बघितलं असतं?"

"दीपगृह," एका क्षणात उत्तर. आणि मग त्या दीपगृहाचा उजेड दूरवर फेकणाऱ्या फ्रेनेलच्या भिंगाबद्दल बोलू लागल्या. 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात ते पहिल्यांदा बसवलं, काचेच्या कड्या अशा रचल्या की जाड भिंगाचं काम कमी काचेत व्हावं. चेहरा धरलेला नव्हता, आवाज मोकळा. नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. ऑटिस्टिक मनाचं लक्ष पसरण्यापेक्षा एका ठिकाणी खोल जातं, असं एक मत संशोधक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलं होतं. मला ते कामातून पटत आलं आहे. सहलीचा आराखडा त्या आवडीभोवती बांधला की माणूस थकतो तरी रिकामा होत नाही. 'दहा ठिकाणं' हे माप मुळात त्यांचं नाहीच.

नवा बेत असा ठरला. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट. बाकी जमलं तर. एक संबंध दिवस दीपगृहाला. नणंदेचं कुटुंब त्या दिवशी दुसरीकडे जाईल, आणि निघण्यापूर्वी नणंदेला एक छोटा निरोप: मी मधूनच उठून गेले तर ते तुमच्यामुळे नसेल. 'मजा येतेय ना?' हा प्रश्न बंद. त्याऐवजी फक्त 'थांबायचं की निघायचं?' आणि बोलणं जड झालं तर त्यांनी मोबाइलवरून नवऱ्याला नुसता एक टिंब पाठवायचा. टिंब आला की निघायचं. कारण विचारायचं नाही, नंतरही नाही. ही कल्पना त्यांची स्वतःची, आणि मला फार आवडली. शब्द हरवतात तेव्हा शब्दांची गरज नसलेली खूण आधीच ठरलेली असणं, हे कुठल्याही यादीतल्या वस्तूपेक्षा मोलाचं आहे.

सहल झाली. टिंब गेले आणि पाळले गेले. शेवटच्या रात्रीच्या जेवणाला त्या गेल्या नाहीत, आणि कुणी काही म्हटलं नाही. परतल्यावर म्हणाल्या, "दमले. पण आजारी नाही पडले." मला हे यश मोठं वाटतं.

परतण्याबद्दल दोन गोष्टी उरल्या. परत आल्यावर कामावर जाण्यापूर्वी किमान एक पूर्ण दिवस रिकामा असावा. तो सुट्टीतच धरावा, उपकार म्हणून नव्हे. बॅगा सोबतच्यानं रिकाम्या केल्या तर उत्तम. मात्र कित्येक आठवडे उलटूनही थकवा हटत नसेल, पूर्वी जमणारी साधी कामं जमेनाशी झाली असतील, आवाज-उजेड पूर्वीपेक्षा जास्त बोचत असतील, तर तो प्रवासाचा शीण नाही. त्याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात आणि तो फक्त सहलीमुळे येत नाही. वर्षानुवर्षं चेहरा धरून जगल्यामुळे येतो. अशा वेळी प्रौढांच्या ऑटिझमची जाण असलेल्या तज्ज्ञाला भेटावं, 'थोडी हिंमत कर' म्हणणाऱ्याला नव्हे.

एकट्यानं जाणाऱ्यांनी आपला पूर्ण बेत एका विश्वासू माणसाकडे द्यावा आणि दिवसातून एका ठरलेल्या वेळी एवढंच कळवावं की मी ठीक आहे. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर चार ओळी ठेवाव्यात: मी ऑटिस्टिक आहे, आत्ता बोलता येत नाहीये, मला शांत जागा दाखवा, माझ्याशी लिहून बोला. खाली त्या विश्वासू माणसाचा नंबर. बॅटरी संपली तर म्हणून तेच कागदावर लिहून, तिथल्या भाषेतही, पाकिटात.